(क) चं उत्तर अजून यायचं आहे

तीर्थस्वरूप फोंझूमामांच्या सेवेशी,

भाचा विस्तिन याचा कोपरापासून नमस्कार, आणि ओंदीनामामींना तितकाच. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा रक्तदाब? शेळ्या? (आईने हळूच सांगितलं की तपकिरी शेळी व्याली. अभिनंदन.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे बाबा मजेत नाहीत, पण ते कधी होते? गेल्या निवडणुकीत तुमचा पक्ष तुमच्या गोझो बेटावर जिंकला आणि तुम्ही बोटीने इकडे येऊन, गाडीला झेंडा लावून, आमच्याच गल्लीतून हॉर्न वाजवत दोनदा गेलात, तेव्हापासून या घरात तुमचं नाव निघत नाही. आईच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही जिथे उभे आहात, बरोबर तिथे बाबांनी सेंट अँटनीची छोटी तसबीर अडकवली आहे. तरीही भाच्याचं काळीज ते काळीजच. या पत्रामागे माझा कसलाही हेतू नाही. निव्वळ गुडघ्याची चौकशी.

मी वकिलीचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं हे तुमच्या कानावर आलं असेल. मी सोडलं, त्यांनी काढलं नाही. बाबा काहीही सांगोत. प्राध्यापक भर वर्गात म्हणाले, "विस्तिन, तुझा आवाज मोठा आणि मुद्दा छोटा." मी म्हटलं, तसं असेल तर मी इथे काय करतोय, मला संसदेतच जायला हवं. आणि गेलो. नोटरी तार्चीस प्सायला यांचा मदतनीस म्हणून.

नोटरीसाहेब तुम्हाला माहीत नसतील. कुणालाच नव्हते. सकाळी राजधानीत, व्हॅलेटातल्या ऑफिसात घरांची खरेदीखतं करायची, संध्याकाळी संसदेत आमच्या पक्षाच्या सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसायचं, आणि प्रतोदाने (म्हणजे खासदारांचा गुराखी) खूण केली की हात वर करायचा, असा त्यांचा देशकार्याचा क्रम. शिवाय प्रश्न विचारायचे. ते कसे, ऐका. एखाद्या मंत्र्याला स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटते. तो आधी उत्तर लिहितो. मग त्या उत्तराच्या मापाचा प्रश्न शिवून घेतो. तो प्रश्न प्रतोदामार्फत नोटरींकडे येतो. नोटरी उभे राहून वाचतात. मंत्री दचकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "सन्माननीय सदस्यांनी फार मोलाचा प्रश्न उपस्थित केला आहे." बाबा हे टीव्हीवर बघून डोळे पुसतात. तुमचा पक्ष सत्तेवर होता तेव्हा तुम्हीही पुसत होतात, मामा, रागावू नका.

असाच एक शिवलेला प्रश्न (टोमॅटोबद्दल) आणायला मी कृषी मंत्रालयात गेलो. संसदेला जाणारी उत्तरं जिथे लिहितात त्या टेबलापाशी मार्विक बसली होती. तिचं वर्णन करत नाही. (केलं होतं, दोन पानं झाली, फाडून टाकली, तुम्ही वडीलधारे.) मी विचारलं, संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला येणार का? मान वर न करता ती म्हणाली, "हे सरकारी ऑफिस आहे. काय विचारायचं ते लेखी विचारा. लेखी प्रश्नाला इथे लेखी उत्तर मिळतं." दुसरा कुणीही हा टोमणा खिशात घालून घरी गेला असता. पण मी खासदाराचा मदतनीस होतो, मामा. मी लेखी विचारलं.

कृषिमंत्री सांगतील का: (अ) देशात मधमाश्यांच्या पेट्या किती, (ब) त्या वाढताहेत की घटताहेत, (क) या विषयाची उत्तरं तयार करणारे कर्मचारी संध्याकाळी किती वाजता सुटतात आणि कोणत्या बसने घरी जातात? नोटरी तेव्हा रिकोटा चीज भरलेली खुसखुशीत पास्तिझी खात होते. एका हाताने खात दुसऱ्या हाताने सही केली, वाचलं नाही. (प्रश्न सभापतींच्या कार्यालयात तपासतात म्हणे. तपासणारा (अ) च्या पुढे गेल्याचं कुणी पाहिलेलं नाही.) उत्तर आलं: (अ) आणि (ब) सोबतच्या तक्त्यात, (क) ही बाब मंत्रालयाच्या कार्यकक्षेत येत नाही. मी तो कागद उशीखाली ठेवून झोपलो. कार्यकक्षेत येत नाही म्हणजे नाही म्हटलेलं नाही!

पुढे तिची बदली वाहतूक मंत्रालयात झाली. आम्ही मधमाश्या सोडल्या आणि बस धरली. मग आरोग्य. मग बंदरं. तिचं टेबल जिथे जाईल तिथे नोटरींचा प्रश्न पाठोपाठ. मी माझ्या जिवाची आग कागदावर ओतत होतो आणि वर्तमानपत्रात छापून आलं की, सत्ताधारी बाकांवर अखेर असा एक सदस्य निघाला ज्याला मधमाशीपासून मोतीबिंदूपर्यंत देशातल्या प्रत्येक प्रश्नाची तळमळ आहे. नोटरींनी ते कात्रण चष्मा बदलून दोनदा वाचलं. मग रोज विचारू लागले, "विस्तिन, आज काय विचारलं आपण?"

"मोतीबिंदू, साहेब."

"छान, छान. आणि (क) आहे ना?"

"आहे, साहेब."

"असू दे. (क) मुळे भारदस्त वाटतं."

खरा तमाशा झाला तो वाहतुकीच्या वेळी. वाहतूकमंत्री आणि नोटरी एकाच पक्षाचे, एकाच मतदारसंघातून निवडून येणाऱ्या पाचांतले दोघे. मागायची मतंही तीच, त्यामुळे वैर सख्ख्या भावांचं. प्रश्न असा होता: (अ) सावली नसलेले बसस्टॉप किती, (ब) छपरं कधी बसवणार, (क) उत्तरं लिहिणाऱ्या विभागातल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना भर दुपारी तिथे उन्हात उभं राहावं लागतं का, आणि एखाद्या तरुणाने स्वखर्चाने छत्री धरल्यास मंत्रालयाची हरकत आहे का? मंत्र्यांनी (अ) वाचलं, (ब) वाचलं आणि खाली बसले. मी नोटरींना आधीच बजावलं होतं की सगळं मर्म (क) मध्ये आहे. ते उठले.

"मंत्रीमहोदय, (क) राहिला."

"(क) गंभीर नाही."

"माझा (क) गंभीर नाही?" मामा, या माणसाचा आवाज तोवर त्यांच्या बायकोनेसुद्धा ऐकला नसेल. "या सभागृहात मी काय विचारावं ते आता तुम्ही ठरवणार? वाचा!"

"तुम्ही स्वतः वाचलाय का तो?"

"मी? मी तो जगलोय!"

त्यांनी तो वाचला नव्हता, म्हणूनच इतक्या तडफेने लढू शकले. समोरून तुमच्या पक्षाचे लोक बाक बडवायला लागले, "(क) वाचा! (क) वाचा!" सभापतींनी घंटा वाजवून वाजवून हात बदलला. शेवटी मंत्र्यांनी छत्रीसकट वाचला. मला वाटलं आता हसणार सगळे. कसलं काय! सरकारी कारकुनांच्या संघटनेने दुसऱ्याच दिवशी ठराव केला, की स्वातंत्र्य मिळाल्यापासून कर्मचाऱ्याच्या डोक्यावरच्या उन्हाची चौकशी करणारा हा पहिला लोकप्रतिनिधी. नोटरींना चांदीची तबकडी दिली. ते भाषणात म्हणाले, छत्री हे माझं आयुष्यभराचं ध्येय आहे. मी मागे उभा राहून दात खात होतो. आग माझी, आणि शेकत कोण बसलंय!

आणि मार्विक? तिचं लेखी उत्तर मागाहून आलं: (क) हरकत नाही, मात्र छत्री काळी नसावी. पोपटी छत्री घेऊन मी त्या स्टॉपवर गेलो तेव्हा तिची पुन्हा बदली झाली होती.

आता ती संस्कृती मंत्रालयात आहे. तिथे मी निर्वाणीचा प्रश्न टाकला. (अ) उत्सवाच्या आतषबाजीचे परवाने किती. (ब) आवाजाबद्दल तक्रारी किती. (क) या विषयाची उत्तरं लिहिणारी अधिकारी सांता मारियाच्या उत्सवाला आतषबाजी बघायला येणार आहे का, आल्यास कोणाबरोबर, आणि पुढे आयुष्यभर त्याच व्यक्तीबरोबर आतषबाजी बघण्याबाबत तिचं धोरण काय? हा (क) मी सात वेळा लिहून काढला, मामा. उत्तर आलं: माहिती गोळा करण्याचं काम चालू असून ती पुढील बैठकीत देण्यात येईल.

मंत्र्यांच्या तोंडी हे वाक्य म्हणजे प्रश्नाचं थडगं, हे आपल्या देशात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण मार्विकने माझ्या (क) ला हे वाक्य कधीच लावलं नव्हतं. नाही म्हणायचं असतं तर तिने कार्यकक्षा काढली असती. ती विचार करत होती! आठ दिवस मी जेवलो नाही. (पास्तिझी सोडून.)

आणि नेमकी त्याच आठवड्यात पंतप्रधानांना अक्कल सुचली. प्रत्येक मंत्री त्यांच्याकडे जाऊन रडत होता, की या नोटरीला आवरा, आमच्या ऑफिसातल्या कारकुनांनी छत्र्या मागितल्या आहेत. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचा आपल्याकडे एकच उपाय आहे. नोटरींना राज्यमंत्री केलं. पायवाटा, पाणपोया आणि प्राणिकल्याण. आता मंत्री काही मंत्र्याला प्रश्न विचारू शकत नाही, त्यामुळे त्यांच्या नावावरचे सगळे अनुत्तरित प्रश्न नियमानुसार रद्द. माझं आयुष्य, मामा, नियमानुसार रद्द! मी नोटरींकडे धावलो. ते नव्या खुर्चीत गोल फिरून बघत होते. म्हणाले, "विस्तिन, आता आपण उत्तरं देणारे. कुणाचा (क) आला तर बाजूला ठेवत जा, फार चोंबडे असतात ते." मी जागच्या जागी राजीनामा दिला. (आधी ती चांदीची तबकडी खिडकीबाहेर फेकली. खाली कुणी नव्हतं.)

तिथून तडक मार्विककडे गेलो. म्हणाली, "प्रश्न रद्द झाला."

"पण उत्तर?"

"तयार आहे. फाइलला लावलंय."

"मग सांग ना!"

"तोंडी? मी काय मंत्री आहे, तोंडाला येईल ते बोलायला? नवा प्रश्न येऊ दे, उत्तर देईन. सुट्टीआधीची शेवटची बैठक पुढच्या महिन्यात आहे, त्यानंतर थेट उत्सव संपल्यावर." आणि ती टाइप करू लागली.

तर अशी ही संसद. एक बाजू शिवलेले प्रश्न विचारते, दुसरी बाजू ओरडते, आणि ज्याला खरोखर काही विचारायचं असतं त्याला विचारायला जागा नाही. मला या सगळ्याची शिसारी आली आहे. राजकारणाचं तोंड बघणार नाही, असं ठरवलं आहे. तुमच्याकडे येऊन शेळ्या राखीन म्हणतो. शेळ्या निदान उत्तरं गोळा करत बसत नाहीत. गुडघ्याला एरंडेल चोळा आणि मामींना मीठ कमी घालायला सांगा.

तुमचा, रक्ताच्या नात्याने आणि फक्त त्याच नात्याने (आमच्या घरात मतं अजून तीच आहेत),
विस्तिन

ता. क. मी निघताना मार्विक म्हणाली, "बाकं सभागृहाच्या दोन्ही बाजूंना असतात, विस्तिन." तिने माझं नाव घेण्याची ही पहिली वेळ. आई सांगते की तुमच्या पक्षाचे गोझोचे खासदार, ते डॉक्टर, दर रविवारी चर्चमधल्या मिसानंतर तुमच्याच ओट्यावर कॉफी पितात. सोबत एक प्रश्न जोडला आहे. सहीची जागा पेन्सिलीने दाखवली आहे. (अ) आणि (ब) मध्ये गोझोच्या आतषबाजीवर सरकारने केलेला अन्याय ठासून भरला आहे, डॉक्टर खूश होतील. (क) पाशी आले की त्यांना मामींच्या हातचं ताजं चीज पुढे करा.

ता. ता. क. बाबांना कळलं तर ते मला घराबाहेर काढतील. मी तयार आहे. तुमच्या पक्षाला मत देण्याचं मात्र माझ्याकडून बोलून घेऊ नका. उत्तर होकारार्थी आल्यास विचार करू.

ता. ता. ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तुमच्या लोकांना मंत्री बोलायला उठला की रागाने सभात्याग करायची फार खोड आहे. डॉक्टरांना माझ्या वतीने हात जोडून सांगा, (क) चं उत्तर वाचून होईपर्यंत त्यांनी बाकाला घट्ट धरून बसावं. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात असेन. उत्तर 'नाही' असलं तर मग खुशाल सगळा पक्ष घेऊन बाहेर पडा. मीही तुमच्याबरोबर निघेन.