धोंडू गच्चीवर उभा आहे

प्रिय चैतू,

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला आणि मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसले. राग आला असेल तर येऊ दे. "आत्या, माझ्या जुन्या पीसीतलं ग्राफिक्स कार्ड काढून कुरिअर कर ना, तिकडे नुसतं पडूनच आहे," असं तू लिहिलंस. हैदराबादला नवा पीसी जुळवलास, सगळा खिसा प्रोसेसरवर रिकामा केलास आणि कार्डाच्या वेळी हात वर केलेस. लहानपणापासून तुझं हे असंच आहे, आधी भजी खायची आणि मग भात उरला म्हणून तोंड वाकडं करायचं. असो. पण ते पडूनच आहे, हे तुला कोणी सांगितलं? खरं सांगते, ते कार्ड द्यायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. का, ते मेसेजमध्ये लिहिता येईना, म्हणून कागद घेऊन बसले. मेसेज तू लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचला असतास.

मधे एकदा मी मालाडला गेले होते, त्या सुबोध-सुयोगच्या दुकानात. आठवतं ना, तुझा पीसी घेताना तुम्ही तिघं तासन्‌तास खल करत होतात आणि मी पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर पेंगत होते. तेच ते दोघे भाऊ. मनात एक डाव धरून गेले होते. इतका भारी प्रोसेसर असल्यावर कार्ड नसलं तरी चालतं, असं त्यांच्या तोंडून निघालं की मी तुला कळवून मोकळी होणार होते. म्हणून सरळ विचारलं की गेम खेळायला प्रोसेसर महत्त्वाचा की ग्राफिक्स कार्ड? सुबोध म्हणाला, "मॅडम, प्रोसेसर. तोच स्लो असला तर कार्ड काय करणार, हात बांधून बसणार." मला इतका आनंद झाला की गरज नसताना मी त्याच्याकडून एक माऊस घेतला. तेवढ्यात मागून सुयोग ओरडला, "काय पण सांगतोस रे दादा! चित्र कोण काढतं? कार्ड ना? नुसता प्रोसेसर घेऊन काय एक्सेल उघडायचंय?" मग जे जुंपलं ते विचारू नकोस. चार्जर घ्यायला आलेला एक माणूसही त्यात पडला.

मला जे कळलं ते असं. गेममध्ये कोणी कुठे जायचं, कुठली गाडी कधी वळायची, कोणाला गोळी लागली, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. आणि ते ठरलेलं क्षणोक्षणी रंगवून पडद्यावर आणायचं काम कार्डाचं. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर आणि बोर्डावर लाईनी जोडणाऱ्या मुली यांच्यात हाच वाद चालायचा, कोणामुळे काम चालतं म्हणून. मी जन्मभर बोर्डावर, तेव्हा मनातून खरी कार्डाचीच बाजू माझी. पण त्या दिवशी मी डोळे मिटून सुबोधच्या पार्टीत गेले. उपयोग झाला नाही. शेवटी त्यानेच मान्य केलं की प्रोसेसर अगदी मरतुकडा नसला म्हणजे पुढे सगळी मजा कार्डावर. वर म्हणतो, "तुमच्या भाच्याने प्रोसेसर घेतलाच आहे तर त्याला आता कार्डच पाठवा, नाहीतर त्याच्या पैशांची वाट लागली." मी माऊस घेऊन जोगेश्वरीच्या बसमध्ये बसले.

तू इथे राहायला आलास तेव्हा मला तुझं ओझंच वाटलं होतं, हे तुला ठाऊक आहे. माझ्या दादाने फोनवर सांगितलं, पोराला इंजिनिअरिंगला अंधेरीत अ‍ॅडमिशन मिळालीय, शकू, तुझ्याकडे ठेवून घे. मी एकटी राहणारी बाई, माझी चहाची वेळ ठरलेली, टॉवेलची दोरी ठरलेली. आणि तू आतल्या खोलीत ती काळी पेटी आणून ठेवलीस. तू खेळायला बसलास की तिचे पंखे असे काही घोंघावायचे की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "चैतू, तुझं विमान खाली उतरव आधी!" तू म्हणायचास, "कार्ड तापलंय गं आत्या, ते दम टाकतंय." आणि जेवण वाढलं तरी गेम मधेच सोडता येत नाही म्हणून तू मला राखणीला बसवायचास. तुझा तो लांब कोटवाला माणूस कुठल्यातरी परक्या गावातल्या गच्चीवर उभा करायचास आणि हात धुवायला जायचास. जाताना बजावायचास, "कोणी जवळ आलं तर हे बटण दाब." मी हातात उलथनं घेऊन त्याच्यावर पहारा करत बसायचे. त्याला धोंडू नाव मीच दिलं. इतका मोठा कोट घालून नुसता धोंड्यासारखा उभा राहतो, म्हणून.

तू गेल्यावर त्या पेटीवर मी जुनी ओढणी टाकली होती. मग समोरची बिल्डिंग रिकामी झाली. तिला निळे पत्रे लागलेत, आता तिथे टॉवर उभा राहणार. संध्याकाळी समोर एकही खिडकी पेटत नाही. पूर्वी त्या घरांतल्या कुकरच्या शिट्ट्यांनी माझं डोकं उठायचं आणि मी खिडकी लावून घ्यायचे. आता मी खिडकी उघडी ठेवते आणि काही येत नाही. चैतू, मला फार एकटं वाटायला लागलं रे. हे मी कोणाला बोलले नाही. दादाला सांगितलं असतं तर त्याने भुसावळला ये म्हणून धोशा लावला असता, आणि मला तिकडे करमत नाही.

एकदा लाईटचं बिल भरायला म्हणून पेटी चालू केली आणि चुकून तुझ्या गेमवर बोट पडलं. धोंडू होता तिथेच उभा होता. थोड्या वेळाने पंखे फिरायला लागले, आणि मी पोळी लाटायला गेले तेव्हा आतल्या खोलीतून तो घोंघाट आला. चैतू, मी तुला हाक मारता मारता थांबले. त्या दिवसापासून रोज जेवणाच्या वेळी मी धोंडूला उभा करते. तो डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर घेतो, हात चोळतो, कधी आभाळाकडे बघतो. मी जेवते, काय केलं, भाजी कशी झाली ते त्याला सांगते. मला वेड लागलेलं नाही, घाबरू नकोस. तो चित्रातला आहे हे मला कळतं. पण आत आवाज असला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं, आणि घास खाली उतरतो. एकदा त्याला जरा खाली फिरवून आणावं म्हणून बटणं दाबली तर बिचारा थेट समुद्रात. मी हातातलं ताट टाकून उभी राहिले. मग तो पुन्हा गच्चीवर आला, कोटसुद्धा कोरडा.

तर असं ते तुझं पडून असलेलं कार्ड. रविवारी सुयोगला घरी बोलावलं. चार स्क्रू काढून त्याने ते अलगद बाहेर काढलं. केवढं जड आहे रे ते, मला वाटलं होतं रेशनकार्डाएवढं असेल. मग पडद्याची वायर त्याने दुसऱ्या भोकात खोचली आणि म्हणाला, "बघा मॅडम, प्रोसेसरवर सगळं चालतंय. बिल भरा, व्हिडिओ बघा. तुमचं काय अडणार आहे?" खरंच सगळं चालत होतं. त्याला काय सांगणार? तो गेल्यावर मी गेम लावून बघितला. धोंडू आला, पण हात चोळायला उचलला तो हवेतच अडकला, मग एकदम खाली. पुन्हा अडकला. आणि पंख्यांचा आवाज नाहीच. मी गेम बंद केला, पेटीवर ओढणी टाकली आणि त्या दिवशी दूध-पोहे खाऊन भागवलं.

कार्ड तुझ्या कॉलेजच्या हुडीत गुंडाळून या खोक्यात ठेवलंय. पत्र वरच ठेवतेय, म्हणजे आधी हातात येईल. कार्ड तुझंच आहे, मजेत खेळ. पण त्याच्या बदल्यात मला एक हवंय, आणि ते मागण्यासाठीच एवढं लिहिलं. मी बोर्डावर असताना ट्रंककॉलवर काही माणसं बोलणं संपलं तरी फोन ठेवायची नाहीत. दोन्हीकडे नुसती शांतता. इकडून भांड्याचा आवाज, तिकडून खोकला. सुपरवायझर म्हणायच्या, शकू, तोड ती लाईन. मी दुसरीकडे हात गुंतलाय असं दाखवायचे आणि राहू द्यायचे. तेव्हा मला त्यांची नुसती दया यायची. तर चैतू, संध्याकाळी खेळायला बसलास की मला फोन लाव आणि पेटीशेजारी ठेवून दे. बोलायचं नाही, काही विचारायचं नाही, तू आपला खेळ. मी स्पीकर लावून फोन आतल्या खोलीत ठेवीन आणि स्वयंपाकघरात जाईन. उठताना तूच बंद कर. माझ्याकडून लाईन तुटायची नाही.

तुझीच,
शकुआत्या