मार्च महिना कोणी काढायचा नाही

मी, ललिता जानराव तायडे, वय ६८, निवृत्त परिचारिका, राहणार अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आला होता. मी जुमानला नाही. जानराव हे माझे वडील. नवऱ्याचे नाव मी त्याच्या घराबरोबरच सोडले.

१. अकोल्याचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते व बँकेतील शिल्लक माझा मुलगा स्वप्निल याला मिळावी. रागापायी मुलाचा हक्क मारणारी बाई मी नाही.

२. शिलाई मशीन शेजारीण नईमाला द्यायची होती. पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून ती मी कालच तिच्या घरी पोचवली.

३. माझा ब्लॉग, त्याचा पासवर्ड, लेखनाचे सर्व हक्क आणि संगणक माझ्या बहिणीची मुलगी पिंकी, राहणार अमरावती, हिला द्यावेत. कारण लिहून ठेवते.

निवृत्तीनंतर स्वप्निलनेच मला ब्लॉग उघडून दिला. मी आयुष्य लिहू लागले. मार्च २०२१ मध्ये शेंदूरजनाघाटच्या सासराबद्दल लिहिले: नवरा मला मारत होता आणि घरची मंडळी ओसरीवर संत्री सोलत बसली होती. स्वप्निलला कडेवर घेऊन मी तिवस्याला माहेरी निघून आले. हे वाचून तो पुण्याहून आला.

"आई, हे काढून टाक. माझ्या सासरचे लोक वाचतात."

"लोकायनं वाचावं म्हणूनच त लिहून राहिली ना मी!"

तो गेल्यावर पाहते तर मार्च महिना गायब. एप्रिलच्या पानाखाली ‘जुन्या नोंदी’ दाबले की कोरे पान येई. मागे जाताच येईना. मी फोन केला. "काहून काढलं?" "तुझ्याच भल्यासाठी," तो म्हणाला. त्याचा बापही मारून झाल्यावर हेच म्हणायचा.

मी ब्लॉगवरच लिहिले: मार्चच्या नोंदी कोणाकडे असतील तर पाठवा. वाचकांनी जपून ठेवलेल्या प्रती पाठवल्या. पिंकीने अमरावतीहून येऊन एकेक नोंद तिच्या मूळ तारखेला लावली, बाजूला महिने मांडले, मागचे-पुढचे पान सुरू केले.

"मावशी, आता दाबून पाह्य बरं."

मी दाबले. एप्रिलमागे मार्च आला, मार्चमागे फेब्रुवारी. मी पार पहिल्या नोंदीपर्यंत गेले आणि तिथे पोटभर रडले.

४. पिंकीने कोणाच्याही सांगण्यावरून एकही नोंद काढू नये. महिने आहेत तसेच राहावेत. पाने मागेपुढे उघडतात की नाही, हे अधूनमधून तपासावे.

५. स्वप्निलला माझ्याविरुद्ध या ब्लॉगवर लिहायचे असेल, तर लिहू द्यावे. ज्या महिन्यात लिहील, त्या महिन्यात लावावे. त्यातलाही शब्द कोणी काढायचा नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे स्वतः टाइप करून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: ललिता जानराव तायडे

साक्षीदार:
१. नईमा अब्दुल सत्तार (सही)
२. अश्विन सूर्यभान खंडारे (सही)

अकोला, दि. ९ जानेवारी २०२५