बॅरिस्टरच्या घरी अवरेच्या शेंगा

२१ डिसेंबर १९५८

वही, काल कुठवर आलो होतो सांग बघू. नाही ना आठवत? पान मिटलं की तू सगळं विसरतेस. मला अक्षर येत नाही, पण नाटक दोनदा ऐकलं की डोक्यात बसतं. आमचे हे बेळगावकडच्या नाटक मंडळीत पेटी वाजवायचे, तेव्हा मी विंगेत बसून ऐकायची. म्हणून तर ही कॉलेजची पोरं माझ्याकडे शिकायला येतात. मी बोलते, नात शालन लिहिते. आत्ता तोंड वाकडं करतेय — तेही लिही, शालन.

इथल्या बेंगळूरच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी बिंदुमाधव येऊन गेले. "अज्जी, यंदा मुलांचं नाटक पडलं तर पुढच्या वर्षीपासून पुण्याची मंडळी बोलावणार. आपल्या पोरांची जीभ स्टेजची नाही, असं कमिटी म्हणते."

"सरी, बरं," म्हटलं. "बोलावा. आधी आमचं बघा."

पडू देत नाही.

२३ डिसेंबर

नाटकात आमचा येसाजी बॅरिस्टर झालाय, भाग्यलक्ष्मी त्याची बायको. बॅरिस्टर मुलाला घराबाहेर काढतो आणि बायको म्हणते, "आज रात्री दाराला कडी लावायची नाही." नाटकाचा जीव त्या वाक्यात. पोरगी ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं म्हणाली.

"कोणाला वाचून दाखवतेस?"

"पुस्तकात असंच आहे, अज्जी."

"पुस्तकाला नवरा आहे का?"

सगळ्यांचे कागद काढून घेतले. गांधीबाजारातून अवरेच्या शेंगा आल्या होत्या — पुणेवाले पावटा म्हणतात त्या. टोपली मधोमध ठेवली. सोला आणि बोला. हात कामाला लागले की जीभ नखरे विसरते.

२९ डिसेंबर

रोज एक टोपली. भांडणात येसाजी शेंगा अशा फोडतो की दाणे देव्हाऱ्यापर्यंत जातात. आज भाग्यलक्ष्मीनं कडीचं वाक्य मान वर न करता म्हटलं, आणि सून अनुसूया स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. "आमटी करपेल," म्हटलं. करपलीच.

तसं अनुसूयेचं बरं चाललंय. पोरांना वाटतं नाटक शिकतोय, हिला फुकटात दाणे सोलून मिळतात.

४ जानेवारी १९५९

खोकला. तालीम झालीच.

१५ जानेवारी

काल तीळगूळ खाल्ला, आज जीभ कडू. हॉलमध्ये रंगीत तालीम होती. सोफा, टेबल, पितळी फुलदाणी — बंगला झकास. त्यात पोरं लाकडासारखी. भाग्यलक्ष्मीचे हात दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे लोंबत होते. कडीचं वाक्य पुन्हा बातम्यांसारखं. येसाजी तर मध्येच गप्प. मला वाटलं घाबरलीत, म्हणून मोठ्यानं बोलायला लावलं. आणखी बिघडलं.

बिंदुमाधव हळूच म्हणाले, "प्रॉम्प्टर ठेवू या, अज्जी. आणि पुण्याला कळवून टाकतो."

"परवा प्रयोग आहे. परवानंतर कळवा."

घरी येऊन जेवले नाही. शालन, हे नको लिहू. लिहिलंस? असू दे.

१६ जानेवारी

सकाळीच भाग्यलक्ष्मी आली. डोळे सुजलेले. "मला नाही जमत, अज्जी. दुसरी कोणी घ्या."

अनुसूयेला उसळ करायची होती, म्हणून टोपली पोरीकडे सरकवली. सोलता सोलता रडली. रडता रडता ओठ हलायला लागले. मग कडीचं वाक्य आलं. माझ्या अंगावर काटा. ती आपल्याच हातांकडे बघत बसली.

"अज्जी, टोपली स्टेजवर नेऊ का?"

माझ्या डोक्यात आलं नव्हतं हे! हातांना सवय लावली मी, आणि स्टेजवर ते रिकामे सोडले.

दोघी बिंदुमाधवांकडे गेलो. ते हबकलेच. "बॅरिस्टरच्या बंगल्यात शेंगा? नोकरचाकर असतात तिथं. लोक हसतील."

"बाई बेंगळूरची ना? मग जानेवारीत, अवरेच्या दिवसांत, दुसरं काय करणार?"

"स्वल्प ऐका, अज्जी —"

"उद्या ऐकीन."

१७ जानेवारी

विंगेत बसून सांगतेय. टोपली पदराआड आणली आणि पडदा उघडायच्या आधी सोफ्यापुढे ठेवली. आत्ता पहिला अंक संपला. कडीच्या वाक्याला हॉलमध्ये कोणी खोकलं नाही. मीसुद्धा नाही.

पण पोरीनं भरात अख्खी टोपली सोलून टाकली. दुसरा अंक बाकी आहे. बिंदुमाधव स्वतः सायकल काढून उभे आहेत, "लवकर सांगा, अज्जी, काय आणू?" म्हणून. शालन, हे पान फाड आणि दे त्यांच्याकडे.

अनुसूया, पोरांच्या जेवणाचं राहू दे. घरात असतील तेवढ्या शेंगा पाठव. छान वासाच्या, कोवळ्या बघून. सोलायला बसली असशील तर हात थांबव — सोललेल्या नकोत.