नाही म्हटलेलं दार

आई, मागच्या रविवारी तुझं अक्षर अचानक समोर आलं आणि त्याने मला एका फाटकावरून मागे ओढलं. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्याबद्दल तुला काही माहीत नाही, म्हणून आधी वाईट ते सांगतो : दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. वर्गातल्या एका मुलीला कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, ती शांतपणे नाही म्हणाली, आणि रोज तिचं तोंड बघणं मला जमेना. आता शहराबाहेर कडकोळला एका कारखान्यात पॅकिंगला जातो. डोकं अजून तसंच आहे, लगेच तापतं.

तू कॉर्पोरेशनच्या त्या खिडकीवर बसायचीस, जिथे देवाच्या नाहीतर धर्मादायाच्या नावाने घरोघर वर्गणी मागायची परवानगी मिळते. आपल्या विठ्ठलमंदिराचं छत गळायला लागलं तेव्हा देवळाचं सगळं बघणारे शिंपीमामा सरळ आपल्या स्वयंपाकघरात आले. तू उप्पिट ढवळते आहेस, मी शेंगदाणे पळवतोय. "अक्का, घरचाच देव. सही करून टाक की." तू मान वर न करता म्हणालीस, "फॉर्म भरा मामा. कमिटीची यादी जोडा." "म्हणजे विठोबालाही रांगेत उभं करणार?" "त्याला उभं राहायची सवय आहे. आठ दिवस जास्त." मामा हसत हसत उप्पिट खाऊन गेले, आणि सोमवारी खरंच तुझ्या खिडकीसमोर रांगेत उभे होते.

परवानगीच्या कागदामागे इथल्या भाषेत, कन्नडात, नियम छापलेले होते. वर्गणीला जाणाऱ्यांसाठी तू ते मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून दिलेस. डबा सीलबंद हवा, छातीवर बिल्ला हवा, दिवेलागणीच्या आत परत यायचं. आणि चौथा : नाही म्हटलेल्या दारी पुन्हा जाऊ नये, कारण विचारू नये.

मी नववीत होतो, बिल्ला लावून तुझ्याबरोबर निघालो तेव्हा स्वतःला फौजदार समजत होतो. तिसऱ्याच घरी एक म्हातारे गृहस्थ पेपर हातात घेऊन दारात आले. "बेडा अम्मा, आम्ही देत नाही." तू हात जोडून "आयतु सर", बरं आहे, म्हणालीस आणि वळलीस. मी वळलो नाही. "देवाला नाही म्हणता? का नाही? पेपर घ्यायला पैसे आहेत!" असं ओरडलो. त्यांनी दार लावून घेतलं, आतून कडी घातल्याचा आवाज आला. कोपऱ्यावर तू माझ्या शर्टाचा बिल्ला काढून पर्समध्ये टाकलास. "पुट्टा," तू नेहमीच्या लाडाच्या हाकेने म्हणालीस, "नाही म्हणायला कारण लागत नाही. तू कारण मागितलंस की ती वर्गणी राहत नाही, वसुली होते." मी म्हणालो, मग परवानगी कशाला घेतली? "परवानगी मागण्याची आहे रे. मिळण्याची कोण देणार?" पुढची सगळी गल्ली मी बिल्ल्याशिवाय, रडवेला चाललो. शेवटच्या घराआधी तू तो पुन्हा माझ्या खिशावर लावलास आणि म्हणालीस, "आता इथे तू माग." मी मागितलं. त्या बाईंनीही नाहीच म्हटलं. मी हात जोडले. परत येताना तू मला मसाला डोसा घेऊन दिलास, कशाबद्दल ते सांगितलं नाहीस.

गेल्या आठवड्यात कळलं की त्या मुलीचं लग्न ठरलं. रविवारी स्कूटर काढून देवळात गेलो. छताचं काम पुन्हा निघालंय, मामांनी वर्गणीची गल्ली विचारली तर मी तिचीच मागून घेतली. बिल्ला लावून दारात उभं राहिल्यावर कोण हाकलणार? आत शिरायचं आणि एकदाच विचारायचं, का नाही. मामांनी नवं परवानगीपत्र दिलं, वर तुझाच जुना कागद टाचलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटात. "अक्काचं अक्षर. यापेक्षा चांगलं कुणाला येत नाही," म्हणाले. मी न बघता खिशात कोंबलं. तिच्या फाटकाशी बिल्ला नीट करताना ते पाकीट हाताला लागलं, म्हणून बाहेर काढलं. चौथी ओळ. कडीचा तो आवाज ऐकू आला, आणि दाराच्या आत उभं राहिलेल्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल हे पहिल्यांदा कळलं. मी स्कूटर वळवली. मामांना सांगितलं, ही गल्ली दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनीही कारण विचारलं नाही. मला बेळगोळच्या रस्त्यावरची घरं मिळाली. पाच घरांनी दिलं, दोघांनी नाही म्हटलं, दोन्हीकडे हात जोडले.

हे तुझ्यामुळे झालं, आई. तुझ्याकडून काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी तो कागद दाखवीन.

पण शहाणा झालो असं समजू नकोस. हे ज्या कागदांवर लिहितोय त्यांच्या पाठीमागे तिला लिहिलेलं अर्धं पत्र आहे. त्यात 'का' हा शब्द किती वेळा आलाय ते बघवत नाही. पाठवणार नाही, हे नक्की. फाडायला मात्र अजून हात होत नाही, म्हणून ते तुझ्या पत्राच्या मागे लपवून ठेवलंय.