गितलच्या डोक्यावर हात

त्सफात, सोमवार, ६ किसलेव ५६७२, पहाटे साडेचार. हात धुऊन प्रार्थनेला उभा राहण्याआधी.

फ्रूमाताईस धाकट्या झेलिगचे शलोम वि. वि.

खोकला बरा आहे. मला मात्र माझीच किळस येते. मंदिर राहिले नाही, म्हणून आपण रोज पहाटे कोकराच्या बळीचा नुसता पाठ म्हणतो. आमचे रब्बी सांगतात की ते कोकरू म्हणजे आपल्यातले जनावर. डोळे मिटून त्याच्या डोक्यावर दोन्ही हात टेकायचे, नाव घ्यायचे आणि ते वेदीवर सोडायचे. मी आधी भूक सोडली, मग झोप. तरी ऐन पाठात गितलची मान दिसते आणि स्वतःच्या अंगाला नासक्या माशाचा वास येतो. काल मी तिचेच नाव घेतले. आमचे ठरलेले लग्न मोडल्याचे तिच्या वडिलांना तू कळव. मला धीर नाही.

लोभ आहे तसा राहू दे.
झेलिग

तिबेरिया, बुधवार, १५ किसलेव

चि. झेलिगास अ. उ. आ.

तुझे पत्र वाचून आधी थुंकले, मग उत्तराला बसले. अक्षर एवढे नेटके आणि आत ही घाण. लग्नाच्या कराराच्या दिवशी दोन्ही आयांनी मिळून ताट फोडले. फुटलेले ताट सांधत नाही, तसा करार फिरवायचा नाही, म्हणून फोडतात. साधूबुवांना हे आठवले नाही. मी तिच्या वडिलांकडे गेले नाही. पत्र गितललाच वाचून दाखवले. ती तुझ्यासाठी मोजे विणत होती. म्हणाली, त्याला कळवा, मी शेळी नव्हे. मग हल्ली जेवतो तरी का, असे विचारले आणि मोजे उसवायला बसली. गाढवा, निदान रब्बींना तरी विचार.

अजून तरी तुझीच,
फ्रूमा

त्सफात, शुक्रवार, २४ किसलेव

फ्रूमाताईस शलोम वि. वि.

रब्बींना विचारले. कोणाचे नाव घेतले ते सांगताच त्यांनी तोंड फिरवले, जणू मी पुढ्यात कुजलेले काही ठेवले. म्हणाले, चोरलेल्या जनावराचा बळी वेदीला चालत नाही, तू तर दुसऱ्याचे माणूस ओढून आणलेस. आणि तुझ्यातला भित्रा मात्र घरी चांगला चरत ठेवलास. इतरांसमोर म्हणाले. कोणी हसलेसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी खेचरवाल्याबरोबर तिकडे निघतो. गितलच्या वडिलांशी आणि तिच्याशी मीच बोलेन. तिला आधी सांगू नकोस, ती दार लावून घेईल.

नको, सांग. लावायचे असेल तर तिला लावू दे.

माया उरली असेल तेवढी राख.
झेलिग