शिटी झाली तेव्हा

चिंचपाडा, शुक्रवार, १९३४

इथे चर्च नाही, म्हणून आई संध्याकाळच्या गाडीची शिटी हीच प्रार्थनेची घंटा मानते. मीही शिटीला उभा राहतो, क्रूसाची खूण करतो. आज ओट्यावर पाटील बसले होते. शिटी झाली. हात कपाळापर्यंत गेला आणि तिथेच अडला. कोणाला भ्यालो मी?

पाटील म्हणाले, "डोकं दुखी ऱ्हायनं का, मास्तर?"

मी हो म्हणालो.

आईने ते आतून ऐकलं. पाटील गेल्यावर तिने सुंठ उगाळून माझ्या कपाळाला लावली, नेमकी हात अडला तिथेच. मग गुडघे टेकून माझ्या डोकेदुखीसाठी माळ जपत बसली. आत्ताच तिने विचारलं, "थांबलं का रे?"

मी पुन्हा हो म्हणालो. आता ती देवाचे आभार मानतेय.