कै. की वै.

पेडणे,
२३ जानेवारी २०२५

ती. रघुनाथदादा,

साष्टांग नमस्कार. तुझी प्रकृती बरी आहे ना? हा प्रश्न या वेळी केवळ रीत म्हणून विचारलेला नाही.

इकडे क्षेम. शाळेत माझ्या संस्कृतला यंदाही मोजकीच मुलं आहेत; तीसुद्धा गुण चढे मिळतात म्हणून.

बातमी अशी, की माझा कथासंग्रह छापून आला. इतकी वर्षं तो 'साभार परत' येत होता, पोस्टमन शंभू तर पाकीट हातात ठेवतानाच म्हणायचा, "परत इलां, सर." अखेर कोल्हापूरच्या एका प्रकाशकांनी घेतला. काल दुपारी गठ्ठा आला. मालतीनं पहिली प्रत उघडली, अर्पणपत्रिका वाचली आणि पान माझ्यापुढे धरलं.

"अहो, दादा कधी गेले? आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

पानावर छापलं होतं : 'कै. रघुनाथ यांस.'

मी लिहिलं होतं 'वै.', वैद्य या अर्थी. अर्ध्या मये गावाची नाडी तुझ्या हातात, उपाधी लावणं भागच होतं. कागदाचा फोटो फोनवरून पाठवला. माझ्या 'व'ला सवयीनं शेपटी फुटली असणार, त्यांनी त्याचा 'क' केला. प्रकाशक म्हणतात, "सर, पहिलं पुस्तक बहुधा गेलेल्यांनाच अर्पण करतात. आम्हाला शंका आली नाही." बरं, 'वै.' छापलं असतं तरी कुणीतरी वैकुंठवासी वाचलंच असतं. म्हणजे तुझं जाणं ठरलेलं; शिवाकडे की विष्णूकडे, एवढाच प्रश्न.

हा विनोद आज सुचतोय. काल ती ओळ वाचून 'छपाईची चूक' असं माझ्या मनातच आलं नाही. दादा, मी ते खरं धरलं. वाटलं, बातमी कोल्हापूरपर्यंत पोचली, फक्त पेडण्याला कुणी कळवली नाही. आणि ते मला पटलं. भीती वाटली ती त्याची.

त्या वर्षी गणपतीच्या चवथीला पंगतीत तू हसत म्हणालास, "तुजें पुस्तक वाचतलो कोण रे, म्हशी?" आणि मी वहिनीनं हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्या तशाच टाकून उठलो. त्यानंतर तुझी पायरी चढलो नाही. जन्मभर इतरांची थट्टा करणारा मी!

काल तुझ्या दवाखान्यात एक फोन आला असेल. तू "कोण रे तो?" म्हणून खेकसलास आणि पलीकडून कुणी बोललं नाही. तो मी. तुझा आवाज ऐकला आणि फोन ठेवला.

प्रकाशक दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवून देतो म्हणतात. मी नको म्हटलं. रविवारी गठ्ठा घेऊन मयेला येतो. 'क'ची शेपटी ब्लेडनं खरवडली की 'व' उरतो; ते मी करीन. पुढचा 'द्य' मात्र तू लिही, प्रत्येक प्रतीवर, स्वतःच्या हातानं. वैद्याचं अक्षर कुणाला वाचता येणार नाही. पण ते हयात माणसाचं आहे, एवढं तरी कळेल.

वहिनीला सांग, हा पातोळ्यांचा हंगाम नाही, हे मला ठाऊक आहे.

तू आहेस म्हणून धाकटा असलेला,
गोकुळदास